कनवटीचा चाकू

आमच्या कोळवण खोऱ्यात त्या काळी पुरुषमाणूस घराबाहेर पडला की त्याच्याजवळ चाकू असायचाच. साधा, मिटायचा, बोटभर पात्याचा. करदोड्याला बांधलेला, नाहीतर बंडीच्या खिशात पडलेला. त्यानं तंबाखूचं पान चिरायचं, दोर कापायचा, पायातला काटा काढायचा, पोत्याची शिवण उसवायची, बांधावर बसून काकडी खायची. बायकांकडे घरात विळी होती, शेतात खुरपं होतं, कापणीला विळा होता. चाकू नव्हता. तसा नियम कुणी केलेला नव्हता. कुण्या बाईनं कधी घेतलाच नव्हता, एवढंच.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. मला भरे गावात दिलेलं होतं. नवऱ्यानं दुसरी आणली आणि सासूनं सांगितलं की दोघी मिळून गुण्यागोविंदानं राहा. मी गाठोडं बांधलं आणि माहेरी निघून आले. मला परत न्यायला माणसं आली, त्यांना मी चहा दिला आणि परत पाठवलं.

माहेरी तरी काय होतं? मला भाऊ नाही. वडील राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, झाडाच्या फांद्या तोडायला चढले होते, तिथून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. ते वाकडंच जुळलं. तेव्हापासून ते ओटीवर बसून. आई दम्यानं बेजार. भाताची खाचरं आणि एक बैलजोडी मात्र चांगली होती. आमच्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा, त्याला मी दादा म्हणायची, तो रोज येऊन वडिलांना सांगायचा की शेत मला वाट्यानं द्या, पोरीच्यानं होणार नाही. वडील त्याचं सगळं ऐकून घ्यायचे. तो गेला की मला म्हणायचे, बैलांना पाणी दाखवलंस का?

मी नांगर धरला. बाईनं नांगराला हात लावू नये असं लोक म्हणाले. मी म्हटलं, मग तुम्ही येऊन धरा. कुणी आलं नाही.

चाकूची गरज मला एका सकाळी कळली. चारायला सोडलेल्या बैलाचं दावं करवंदीच्या जाळीत गुंतलं. तो जितका ओढायचा तितकं दावं त्याच्या मानेला आवळत चाललं. डोळे बाहेर आले होते त्याचे. मी गाठ सोडवायला बघत होते, ती ओली आणि घट्ट झालेली. दातांनीसुद्धा सुटेना. तेवढ्यात दादा वाटेनं आला. मी त्याच्याकडे चाकू मागितला. तो जागचा हलला नाही. बाईच्या हातात हत्यार देत नसतात, म्हणाला. मग मी बैल कसा सोडला, कसा सोडायला हवा होता, वडिलांनी त्याचं ऐकलं असतं तर ही वेळ कशी आली नसती, हे सगळं बोलून झाल्यावर त्यानं सावकाश चाकू काढला आणि दावं कापलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की दादानं बैल वाचवला, नाहीतर पोरीनं मारलाच होता.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी वडिलांना सांगितलं की मला तुमचा चाकू द्या. ते ताटावरून न उठता म्हणाले, "माझा मागू नको. माझा माझ्या हाताला बसलाय. तुझा तू घे. आन् तो तूच बघून घे, दुसऱ्या कुणाला आणाया सांगू नको."

आईनं भाकरी थापताना दोनदा उसासा टाकला.

पुढच्या बाजाराला मी एसटीनं पौडला गेले. रानातून गोळा केलेला हिरडा विकला आणि ते पैसे कनवटीला, कमरेशी लुगड्याच्या घडीत, लावून लोखंडी सामानाच्या दुकानात शिरले. दुकान एका मुसलमान कुटुंबाचं. पौडमध्ये पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसं. दुकानात म्हातारे चाचा बसायचे. कोयते, फाळ, खिळे, साखळ्या, सगळं त्यांच्याकडे मिळायचं. मी चाकू मागितल्यावर त्यांनी विचारलं, घरच्या माणसासाठी का? मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यांनी आधी माझ्यापुढे अडकित्ता ठेवला. मी तो बाजूला सारला. मग एक छोटा लाल मुठीचा चाकू काढला. शाळेतली पोरं पेन्सिलीला टोक काढतात तसला. तोही मी सारला. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि फळीवरून एक पुठ्ठ्याचा खोका उतरवून माझ्यासमोर उघडा केला.

त्या खोक्यात चाकूच चाकू होते. मला काय हवं ते मी येताना गाडीत बसून ठरवत आले होते. पण चाकू हातात घेतल्यावर कळायला लागलं की ठरवलेलं निम्मं चुकीचं होतं. पितळी मुठीचा एक फार देखणा होता. जड, झळझळीत. माझं मन त्याच्यावर बसलं. पण आमच्याकडे चार महिने हात कोरडे नसतात. दाराशी पाण्याची बादली होती. मी तिच्यात हात बुडवला आणि तो चाकू धरून पाहिला, तर तो मासोळीसारखा सुटला. ठेवून दिला.

दुसऱ्याला शिंगाची मूठ होती. खरखरीत, ओल्या हातातही घट्ट बसणारी. पण पातं उघडायची खाच इतकी उथळ की नख अडकेना. पुरुषांची नखं कशी असतात कोण जाणे. माझी तर चिखलात काम करून झिजून गेलेली. नख मोडेल पण चाकू उघडणार नाही असला चाकू घेऊन मी काय करणार? तोही ठेवला. एकाची कमान इतकी ढिली होती की तो हलवला की आपोआप उघडायचा. कनवटीत उघडला असता तर माझंच पोट फाडलं असतं त्यानं.

दुकानात कासार आंबोली गावचा एक माणूस खिळे तोलून घेत बसला होता. त्याचं काम झालं होतं, पण तो काही हलेना. शेवटी त्याला राहवेना. चाचांकडे बघत तो मोठ्यानं म्हणाला की बायका चाकू घ्यायला लागल्या, आता नवऱ्यांनी काय घ्यायचं?

मी हातातल्या चाकूवरची नजर काढली नाही. म्हटलं, "माझ्या नवऱ्यानं दुसरी बायको घेतली. मी चाकू घेते."

तो माणूस खिळ्यांची पुडी उचलून गेला.

तळाशी एक होता. त्यालाही शिंगाचीच मूठ, काळपट, एका बाजूला जरा पांढुरकी. पात्याला खोल खाच. कमान घट्ट, पण अंगठ्यानं रेटली की मानणारी. मिटला की सबंध माझ्या मुठीत मावायचा. मी चाचांकडे वाखाच्या दोराचा तुकडा मागितला. कापून पाहिला, एका ओढीत कापला गेला. मग मी तो कनवटीला खोचला आणि तिथंच, दुकानात, लावणीला वाकतात तशी कमरेतून वाकले. एकदा, दोनदा, आणि वाकल्या वाकल्या बाजूला सरकूनही पाहिलं. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली. बघू देत. लावणीत दिवसभर मला वाकायचं होतं, त्यांना नाही. चाकू टोचला नाही, सरकला नाही. मी सरळ उभी राहिले आणि म्हटलं, हाच.

घरी आल्यावर वडिलांनी तो उघडला, मिटला, हातावरचे केस पात्यानं काढून पाहिले. धार कमी आहे म्हणाले आणि ओढ्यातला एक गुळगुळीत दगड आणायला सांगून त्यांनी स्वतः धार लावायला घेतली. आई म्हणाली, घेतलास तर घेतलास, पण आत लपवून ठेव, लोकांना दिसू देऊ नको. मी त्याला काळी दोरी ओवली आणि दोरीचं टोक कनवटीच्या बाहेर ठेवलं. दिसेल असं.

दादाला ते पहिल्याच दिवशी दिसलं. आमच्या खाचरांकडे जायची वाट त्याच्या बांधाला लागून होती, ती त्यानं दुसऱ्या आठवड्यात बंद केली. करवंदीच्या काट्यांची कुपाटी घातली आणि वाखाच्या दोरानं दोन्ही बाजूंच्या झाडांना आवळून टाकली. ती वाट आमच्या आज्यापासूनची. ती बंद झाली की बैल शेतात न्यायला लांबून, ओढा उतरून जावं लागणार. पावसात ओढा उतरता येत नाही. म्हणजे लावणी बुडाली. म्हणजे शेत वाट्यानं द्यायची पाळी. सगळं सरळ होतं.

मी दोर कापला, कुपाटी सारली, बैल पार केले आणि मागे वळून कुपाटी होती तशी लावून तोच दोर गाठ मारून बांधला. त्याची कुपाटी मला नको होती, मला वाट हवी होती. संध्याकाळी येताना पुन्हा कापला, पुन्हा बांधला. असं काही दिवस चाललं. दोर आखूड होत गेला आणि त्याच्यावर गाठीच गाठी झाल्या. दादानं नवा बांधला. मी तोही कापला.

मग भावकी बसली. मारुतीच्या देवळात, जाणती माणसं भिंतीला टेकून. मला निरोप आला तशी मी शेतातून तशीच गेले, पायाला चिखल. मला वाटलं होतं वाटेबद्दल विचारतील. वाटेचं नावही कुणी काढलं नाही. सगळं बोलणं चाकूचं. एक म्हणाला, आपल्यात बाईनं कमरेला हत्यार लावायची रीत नाही. दुसरा म्हणाला, नवऱ्यानं सोडलेली बाई चाकू घेऊन हिंडते हे पंचक्रोशीत बरं दिसत नाही. दादा म्हणाला की आज दोर कापला, उद्या गळा कापेल. अखेर असं ठरायला लागलं की मी चाकू तिथं ठेवावा आणि घरी जावं.

मी कनवटीतून चाकू काढला आणि मध्ये फरशीवर ठेवला.

"मी ठेवला," मी म्हटलं. "आता तुमी ठेवा. सगळ्यांनी."

माझ्या समोरच बसलेले एक आजोबा त्या वेळी चाकूनं तंबाखूचं पान चिरत होते. ते तसेच थांबले, अर्धं पान हातात.

"तुमी तुमचा कशाला वापरता, आजोबा?" मी विचारलं.

ते म्हणाले, कशाला म्हणजे, तंबाखूला. दोराला. लागंल त्याला.

"मी बी त्यालाच घेतलाय. बैलाचं दावं गुंतलं तवा मी मागितला, तर दादानं दिला न्हाई. म्हणून घेतला. ह्यात गळा कुटं आला?"

आजोबांनी राहिलेलं पान चिरलं, चाकू मिटला आणि दादाला विचारलं, वाट कुणाच्या बापाची हाय? दादा म्हणाला बांध माझा आहे. बांध नाही विचारला, वाट विचारली, आजोबा म्हणाले. मग बरंच बोलणं झालं. शेवटी निकाल असा निघाला की लावणीला आणि कापणीला दादानं वाट द्यावी, बाकी दिवस मी लांबून जावं. चाकूचं काय, ते कुणी बोललं नाही. मी म्हटलं, बैल बाकीचे दिवस उडत न्यायचे का? मी रोज ह्याच वाटेनं जाणार. फरशीवरून माझा चाकू उचलला, दोरी कनवटीबाहेर ठेवून खोचला आणि शेतात परत गेले. अर्धं खाचर राहिलं होतं.

दादा सहजी मानणारा नव्हता. त्यानं वाटेत मेख ठोकली आणि दोराऐवजी तिला तार ताणली. तार माझ्या चाकूनं कापली जाणार नव्हती आणि मी कापायला गेलेही नाही. मी पहारीनं मेख उपटली, तिला तार गुंडाळली आणि सगळं भेंडोळं नेऊन त्याच्या अंगणात ठेवलं, दुपारी, सगळे घरात असताना. त्यानं पुन्हा मेख ठोकली. मी पुन्हा अंगणात नेऊन ठेवली. तिसऱ्यांदा त्यानं ठोकली नाही. त्या साली आमची लावणी सगळ्यांच्या बरोबरीनं उरकली आणि वाट्याचं बोलणं त्यानं वडिलांजवळ पुन्हा काढलं नाही. माझ्याशी मात्र तो कितीतरी वर्षं बोलला नाही. मलाही त्याचं काही वाटलं नाही.

बोलली ती त्याची बायको. माझी वहिनी. एवढ्या दिवसांत ती कधी कुणाच्या बाजूनं बोलली नव्हती. ओढ्यावर धुणं धूत असताना ती माझ्या शेजारच्या दगडावर येऊन बसली आणि धुण्याकडेच बघत हळूच म्हणाली की मलाही तसला एक आणून देशील का, ह्यांना सांगू नको.

माझ्या मनात आलं, हो म्हणावं. पण मी म्हटलं, "मी आणणार न्हाई, वहिनी. तुझ्या हाताला कुटला बसतो ते मला काय ठावं? तू जा आन् तूच बघ."

तिला राग आला. बादली उचलून ती निघून गेली. मला वाटलं, विषय संपला.

दिवाळी झाल्यावर भाताची कापणी चालू होती. मी माझ्या बाजूला, ती तिच्या बाजूला, मध्ये बांध. दुपारी ती भाकरी खायला बसली आणि तिनं कनवटीतून चाकू काढून कांदा चिरला. लांब, पिवळ्या पितळी मुठीचा. मी तो सात जन्मांत घेतला नसता. ओल्या हातात तो टिकणारच नाही. ती कुठून, कुणाबरोबर जाऊन घेऊन आली हे मी विचारलं नाही. दादा तिच्या पलीकडे जेवत बसला होता. तो भाकरीकडे बघत जेवत राहिला. वहिनीनं कांद्याची एक फोड त्याच्या भाकरीवर ठेवली, चाकू लुगड्याला पुसला, आणि माझ्याकडे बघत सावकाश मिटला.