उसनं अडखळणं

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आमच्या इंग्रजीच्या सरांनी मला एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात एका इंग्रज नटाचे प्रेमाचे विनोदी सिनेमे होते. "पुस्तकातलं इंग्रजी नुसतं वाचू नको, हे बोलणं ऐक," सर म्हणाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती वाहतात. सरांनी स्वतःहून माझ्यासाठी एवढं केलं, हे मी विसरणार नाही. त्यांच्यावर माझा आजही राग नाही.

राग त्या नटावर आहे.

प्रत्येक सिनेमात तो तोच. कपाळावर आलेले केस, डोळ्यांची उघडझाप. मुलीसमोर उभा राहिला की वाक्य सुरू करायचा, मध्येच सोडायचा, माफी मागायचा, पुन्हा सुरू करायचा. आणि शेवटी मुलगी त्याचीच. मला वाटलं, चांगल्या घरातले लोक इंग्रजी असंच बोलतात. आम्हाला पाठांतराची सवय. कविता असो की पाढे, कानावर पडलं तसं म्हणायचं. मी त्याची वाक्यं वहीत उतरवली आणि तो थांबतो तिथे लाल रेघ मारली. एका रेघेला श्वास, दोन रेघांना 'अं', मग 'सॉरी'. तीन वर्षं रोज सकाळी अंगणात मी ते घोकलं.

वडील तोंड धुता धुता विचारायचे, "काहून अडकून राहिला रे? घशात काही गेलं का?"

"इंग्रजी असंच असतं, बाबा."

"मग त्यायनं राज कसं केलं? हुकूम पुरा होईपर्यंत दिवस मावळत असंल."

आई हसून लोटपोट. मला मात्र त्यांची कीव यायची. आता त्या कीव करण्याचीच लाज वाटते.

पुढे शहरातल्या एका इंग्रजी शाळेत शिक्षकाची जागा निघाली. ती मिळाली असती तर वडिलांचं मोंढ्यात जाणं बंद झालं असतं. मुलाखतीला मुख्याध्यापिका होत्या आणि संस्थेचे सचिव. मी बोलू लागलो. श्वास, 'अं', डोळ्यांची उघडझाप, 'सॉरी'. सचिव खिडकीबाहेर बघू लागले.

"सर, तुम्ही फार अडखळता," बाई म्हणाल्या. "आमचे पालक हे चालवून घेणार नाहीत."

मी त्या नटाचं नाव सांगितलं. बाईंचा चेहरा खुलला. "अय्या, तो! मला फार आवडतो!" मग त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, पण तो अडखळला तर गोड वाटतं. त्याला भाषा येते हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही अडखळलात तर लोक म्हणणार, येत नाही."

"मॅडम, पाच मिनिटं द्या. सरळ बोलून दाखवतो."

त्यांनी दिली, हे कबूल करतो. मी उठून फळ्याजवळ गेलो, तोंड उघडलं आणि पहिला शब्द बाहेर पडला तो 'सॉरी'. त्यानंतर 'अं'. सचिवांनी पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

अलीकडे तोच नट एका सिनेमात लबाड खलनायक झालेला पाहिला. केस मागे वळवलेले, बोलणं तेलासारखं सलग. खोटं बोलतानाही कुठे थांबला नाही. नंतर मोबाईलवर त्याची एक मुलाखत दिसली. तो लाजरा माणूस म्हणजे मी नव्हेच, असं तो हसत हसत सांगत होता. ऐकणारेही हसत होते. मी मोबाईल भिंतीवर फेकणार होतो, पण त्याचे हप्ते चालू आहेत.

त्याने ते अडखळणं कोटासारखं उतरवून ठेवलं. माझ्या जिभेवरून ते निघत नाही. मी घरीच शिकवणी घेतो. काल सातवीच्या पोरांना एक सोपा उतारा वाचून दाखवताना दोनदा थांबलो. मागच्या रांगेतली पोरगी शेजारणीला म्हणाली, "सरालाच येईना गं."

येतं मला. व्याकरणासकट, स्पेलिंगसकट, सगळं येतं. हे मी त्या पोरीला तिथल्या तिथे इंग्रजीत सांगायला गेलो, आणि पहिल्याच शब्दाला अडकलो.