तळघराची किल्ली

ओथेल पेटवे उगाच चिडायचा नाही. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरातल्या त्या विटांच्या चर्चमध्ये उभा जन्म ऑर्गन वाजवण्यात गेलेल्या या माणसाचा जीव पुरुषांवर आहे, हे चर्चमधल्या बाकांनासुद्धा ठाऊक होतं. पण बोलायचं नाही. लग्नाला ओथेल हवा, मयताला ओथेल हवा, त्याच्या घरात कोण आहे हे मात्र कुणी विचारायचं नाही. चर्चमध्ये सगळेच एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणायचे; ब्रदर ओथेलचं लग्न ऑर्गनशी लागलंय, असं म्हणून बायका हसायच्या आणि तोही हसायचा. हसत हसत गिळलेलं सगळं पोटात साठत होतं.

हा ओथेल दर गुरुवारी घरी चार-सहा जणांना जमवायचा. सगळे काळे, सगळे त्याच्यासारखेच. कुणी ट्रक चालवणारा, कुणी शाळेत शिकवणारा, एक तर दोन मुलांचा बाप. तळलेले मासे व्हायचे, मग सराव. एचआयव्ही कसा होतो हे सगळ्यांना पाठ होतं, अडायचं ते ऐनवेळी बोलताना. जवळ आलेला माणूस लाडात येऊन म्हणतो, माझ्यावर विश्वास नाही का? मग काय म्हणायचं? ओथेल एकाला लाडात यायला लावायचा आणि दुसऱ्याला उत्तर द्यायला. "जीव आहे म्हणूनच सांगतो, कंडोम लाव, नाहीतर घरचा रस्ता धर." आवाज कापला की पुन्हा. गाणाऱ्यांकडून चुकलेली ओळ घोटून घ्यावी, तसं तो ते वाक्य घोटून घ्यायचा. तपासणीला कुणी कुणाबरोबर जायचं, आजार होऊ नये म्हणून घ्यायची रोजची गोळी कुठे मिळते, हेही तिथेच ठरायचं.

अडचण एवढीच, की गुरुवारी ओथेलच्या ओसरीवर पाय ठेवला की गल्लीत शिक्का बसायचा. म्हणून त्याने चर्चचं तळघर मागितलं. चर्चकडे निघालेल्या माणसाला कुठे चाललास असं या गावात कुणी विचारत नाही. रेव्हरंड टॉलिव्हर गोड बोलून मोकळे झाले. म्हणाले, माझी ना नाही, पण खाली स्वयंपाकघर आहे आणि किल्ली सिस्टर व्हर्डीकडे असते. ही व्हर्डी म्हणजे त्या स्वयंपाकघराची राणीच. तिने भर सभेत सांगितलं, मी जिथे मयताचं जेवण रांधते तिथे तसली माणसं बसायची नाहीत. तिचा मुलगा क्विंडेल तेव्हा गाणाऱ्यांच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

पुढच्याच आठवड्यात पोरगा ऑर्गनजवळ घुटमळला. समोरचा विश्वासाचं बोलायला लागला तर काय म्हणायचं, असं त्याने हळूच विचारलं. ओथेल म्हणाला, गुरुवारी ये. पोरगा म्हणाला, "तुमच्या ओसरीवर? काका, आई त्याच रस्त्याने कामावरून येते." ओथेलने घाईघाईत तिथेच चार गोष्टी सांगितल्या, पण नुसतं ऐकून ते वाक्य तोंडातून निघत नाही. तेवढ्यात बाकीची मंडळी आली आणि विषय तिथेच राहिला.

दोन वर्षांनी क्विंडेल गेला. आता सांगा, या काळात या आजाराने कुणी मरावं का? औषध घेऊन माणसं म्हातारी होतायत! पण औषधाआधी तपासणी लागते, आणि दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीपाशी त्याच्या आईची मैत्रीण बसायची. पोरगा हाडांचा सापळा झाला, मग कुठे आईने त्याला इस्पितळात नेलं. अंत्यविधीच्या छापील कागदावर लिहिलं होतं, अल्प आजाराने. ओथेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रेव्हरंड प्रवचनाला उभे राहिले. ते एक वाक्य म्हणणार आणि ऑर्गन त्याला हुंकार देणार, अशी तिथली रीत. त्या हुंकारावरच प्रवचन चढतं. तरुण पोरं वाट सोडतात, रेव्हरंड म्हणाले. ऑर्गनने हुंकार दिला. शहराची घाण अंगाला लावून घेतात. हुंकार दिला. मग देवाचाही धीर सुटतो. ओथेलने हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

रेव्हरंडांनी वाक्य पुन्हा म्हटलं. घाम पुसला. पंखे तेवढे फिरत होते.

"वाजवणार नाही," ओथेल म्हणाला. "आधी तळघराची किल्ली."

पहिल्या बाकावरून व्हर्डी उठली. तिने पर्स उघडली, किल्ली काढली आणि ऑर्गनवर ठेवली. "घे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "कुणी विचारलं तर म्हण, गाण्याचा सराव आहे."

समोर पोराची शवपेटी, आणि अजून हिला लोकांची पडली होती. ओथेलने किल्ली परत तिच्याकडे सरकवली.

"गाण्याचा नाही. तुझा पोरगा ज्याने गेला, त्यापासून वाचायचा सराव घेतो मी. तसं सांगणार असशील तर दे."

तिने किल्ली उचलून त्याच्या हातात दिली. मग लोकांकडे वळली.

"माझा क्विंडेल एड्सने गेला," ती म्हणाली. "ब्रदर ओथेल शिकवत होता. दार मी लावलं होतं."

रेव्हरंड खाली बसले. ओथेलने किल्ली खिशात टाकली आणि क्विंडेल नेहमी गायचा ते गाणं वाजवायला घेतलं. त्याला तिची दया आली होती, नाही असं नाही. पण तेवढ्याने राग जातो होय? ती किल्ली तिने दोन वर्षांपूर्वी दिली असती, तर पोरगा आज गाणाऱ्यांच्या रांगेत उभा असता.

गुरुवारी तळघर भरलं. ओथेलच्या ओसरीवर कधी न दिसलेली माणसंही आली. व्हर्डी खालीच होती, स्वतः मासे तळत होती. तिने पहिलं ताट ओथेलला दिलं आणि तो काय म्हणतो म्हणून समोर उभी राहिली. ओथेलने सगळं खाल्लं. चांगले झालेत असं मात्र तो म्हणाला नाही.