तक्त्यावर आम्ही शून्य होतो

अन्याय एकतीस जणांवर झाला. तेलुगू मुलखातल्या अंबरपेठेतली एक सरकारी शाळा, मराठी माध्यम, इयत्ता नववी. दिवस, दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार. वेळ, हजेरी संपून गणिताचा तास सुरू व्हायची. त्या एकतिसांपैकी मी एक.

हेडसर दारात आले. "उठा. दप्तरं घेऊन मागे चला. आवाज नको."

मागे म्हणजे प्रयोगशाळा. नुसतं नाव. आत एक मोडकं टेबल, आणि खिडकी विटांनी बुजवलेली. शाळेत कुणी मोठं माणूस येणार असलं की आम्हाला तिथे कोंडायची पद्धतच होती. कारण आमची खोली सगळ्यात वाईट. गंजलेला पत्रा, खचलेली फरशी, हात जाईल एवढी भिंतीला भेग. ती पाहुण्याला दिसू नये म्हणून तिला कुलूप. आम्ही दिसलो तर कुठे बसता असं कुणी विचारेल, म्हणून आम्हालाही कडी. पाचवीपासून हेच. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही. तास बुडाला म्हणून हसायचो.

त्या दिवशी हसू लवकर संपलं. सुनंदाला बाहेर जायचं होतं. तिने दार वाजवलं. बाहेरून शिपाई म्हणाला, "चुप बैठो अम्मा, साब लोगां आये." तिने पुन्हा वाजवलं. मग थांबली. कोपऱ्यात तोंड करून उभी राहिली, आणि तिच्या पायाखालची फरशी ओली झाली. चौदा वर्षांची मुलगी. सगळे विटांकडे बघत बसले. एरवी एकमेकांना चिडवल्याशिवाय सोडत नव्हतो आम्ही.

दार उघडलं. सुनंदासाठी नाही. मोजणीची टेप धरायला कुणीतरी हवं होतं.

"ती उंच, तू ये," हेडसर म्हणाले. मी गेले. कडी परत लागली.

तेव्हा सगळंच नवं निघत होतं. गल्लीत केबल आलेली, चौकात कंप्युटरचा क्लास. तशीच सरकारी शाळांसाठी दहा वर्षांची इमारत-योजना निघाली होती. तिच्या पाहणीला एका कंपनीचे साहेब आले होते. हातात छापील तक्ता. खोली किती बाय किती, छप्पर कसलं, मुलं किती.

आमच्या खोलीचं कुलूप काढलं. मी टेपचं टोक भिंतीला धरलं. साहेबांनी माप लिहून विचारलं, "इसमें बच्चे कितने?"

हेडसर हसले. "इसमें कौन बैठेगा साब? खाली पड़ा है. पुराना सामान रखते हैं."

फळ्यावर सकाळची हजेरी होती. पट ३१, हजर ३१. साहेबांची तिकडे पाठ.

"और ये लड़की?"

"ये? झाड़ू मारने आती है."

मी युनिफॉर्ममध्ये होते. वेणीला शाळेची निळी रिबन होती. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आणि तक्त्यावर शून्य लिहिलं. मी ते वाचलं. मला उर्दू येत होती, तेलुगू येत होती, मराठी येत होती. तिन्हींत मी गप्प राहिले. हे मी लपवणार नाही.

साहेब गेल्यावर विचारलं. "सर, खोटं कायको सांगितलं?"

हेडसर पुण्याचे. स्वतःची मुलगी कॉन्व्हेंटात. म्हणाले, "कायको म्हणे! आधी मराठी नीट बोलायला शीक. अगं, ही असली खोली दाखवली तर शाळेची अब्रू काय राहील?"

ते साहेब इन्स्पेक्शनला आलेच नव्हते. कुठली खोली आधी बांधायची, ते ठरवायला आले होते. जिथे पडझड जास्त आणि मुलं जास्त, तिथे आधी. जन्मभर इन्स्पेक्शनला भ्यालेल्या माणसाने बांधून द्यायला आलेल्यापासूनही भेग लपवली. आणि लपवायला आम्हाला वापरलं.

परीक्षेआधी योजना छापून आली. आमची खोली पाडायची, तिथे कंप्युटर-कक्ष. मराठी नववी-दहावीला पुढची दहा वर्षं खोलीच नाही, कारण विद्यार्थी नाहीत. दहावीला तेलुगू वर्गात मागे बसायचं. त्याला पालकांची संमती हवी होती.

बाबा मलकपेठच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. हेडसर बोट ठेवतील तिथे सही करायची, एवढाच त्यांचा शाळेशी संबंध. हेडसरांनी बोट ठेवलं. बाबांनी पेन उचललं. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"नक्को बाबा. त्या खोलीत आम्ही रोज बसतो. सही केली तर आपण नव्हतोच, असं आपणच लिहून देतो."

"मुलीला आवरा," हेडसर म्हणाले.

बाबा कधी त्यांच्यासमोर बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "सर, खोली खाली होती का?"

"आता ते कंप्युटरवर गेलंय. बदलत नाही."

"मी ते नाही विचारलं, सर."

बाबांनी सही केली नाही. बाकी सगळ्यांनी केली. सुनंदाच्या आईनेही केली. जूनमध्ये सुनंदा शाळेत आलीच नाही.

खोली पाडली. मी तेलुगू वर्गात शेवटच्या बाकावर बसले. बोललेलं कळायचं, फळ्यावरचं वाचता यायचं नाही. दहावी दुसऱ्या वेळेला सुटली. कंप्युटर आले ते हेडसरांच्या केबिनमध्ये कव्हर घालून राहिले. एका नकाराने काही वाचलं नाही. पण त्या दिवसानंतर माझ्यासमोर कुणी खोटा आकडा लिहिला आणि मी गप्प राहिले, असं झालेलं नाही. होणारही नाही.

ती दहा वर्षं आता संपली. पुढच्या दहांची पाहणी येत्या महिन्यात आहे. अफझलगंजापासून अंबरपेठेपर्यंत शाळाशाळांत भिंतींना चुना मारणं चाललंय. पोरांना त्या दिवशी घरीच ठेवा, असे निरोप फिरू लागलेत. हीच हकीकत छापून मी पत्रकं वाटतेय. लोक घडी घालून खिशात ठेवतात. वर म्हणतात, "छान लिहिता हो ताई."

मला छान नको. तुम्ही हवे आहात. तुमची मुलं त्या शाळेत नसतील, तरी तुम्हीच. पाहणीच्या दिवशी सकाळी तुमच्या गल्लीतल्या सरकारी शाळेत जा. एकाही मुलाला वर्गातून हलवू देऊ नका. साहेबाच्या शेजारी उभं राहून डोकी मोजा, आणि तो आकडा तुमच्या डोळ्यांदेखत लिहून घ्या. शाळा कुठली निवडली, ते आज मला कळवा.