हलीमाआपासाठी मी निवडलेला कॅमेरा

हलीमाआपाने काढलेला सिनेमा आमच्या यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातल्या बायकांनी तीन-तीनदा पाहिला, पण एकाही पुरुषाने तो अजून पाहिलेला नाही. तिचा नवरा मोईनभाई त्याच घरात जेवतो, झोपतो. त्यालाही शेवटी काय होतं ते माहीत नाही. असा सिनेमा काढून फायदा काय, असं आमच्या शाळेतले सर मला विचारतात. मी त्यांना सांगते, ज्यातलं कळत नाही त्यात तोंड घालू नका.

मी ममता राठोड. दिग्रसकडच्या तांड्यावरची, आता इथल्या शाळेत शिकवते आणि आपाच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते. मला सल्ले द्यायची खोड आहे. वर्गात ती खपून जाते, बाहेर कधी कधी महागात पडते.

आपाचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा, पण फक्त बायकांच्या बाजूचा. मुसलमानांच्या लग्नात बायकांचा मांडव वेगळा असतो, तिथे पुरुष शूटिंगवाल्याला कोण आत घेणार? म्हणून यवतमाळपासून पार आर्णीपर्यंत आपाला बोलावणं असायचं. बुरखे खुंटीला टांगलेले, मधे ढोलक, म्हाताऱ्यासुद्धा नाचतायत, आणि खांद्यावर मोठ्या कॅसेटची जुनी मशीन घेऊन आपा त्यांच्यातून फिरतेय. तिचा शब्द एकच: यातलं काहीही परपुरुषाच्या नजरेला पडणार नाही. घरी दोन व्हीसीआर जोडून ती स्वतः कॅसेट तयार करायची आणि नवरीच्या आईच्या हातात नेऊन द्यायची. मूळ कॅसेट पुन्हा कॅमेऱ्यात घालून कॅमेरा भिंतीकडे तोंड करून ठेवायची. तीन तास नुसती भिंत रेकॉर्ड व्हायची आणि आधीचं सगळं पुसलं जायचं. "भिंत घेतली का?" असं बायका विचारायच्या. घेतली म्हटलं की विषय संपला.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. मोईनभाई एमआयडीसीतल्या सरकी काढायच्या जिनिंगमध्ये फिटर. दोन पाळ्यांची जिनिंग आठवड्यात चार दिवसांवर आली. बाजारात पैसा नाही म्हटल्यावर लग्नातून आधी बँड गेला आणि मागोमाग शूटिंग गेलं. एका संपूर्ण हंगामात आपाला दोन बोलावणी आली. मला वाटलं, आता ही शिवणकाम वगैरे काढेल. तर एक दिवस भाकरी थापता थापता म्हणते, "मॅडम, मले शिनेमा काढाचा हाये."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. वेड लागलं का, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"मोठा नाही वो. आपल्याच गल्लीतला. बायाच काम करतीन आन बायाच पाहतीन. एक सासू पोरासाठी पोरी पाहाले गावोगाव फिरते, हरेक घरी पोटभर जेवते आन नापसंत करून वापस येते."

अठरा बायका तयार झाल्या. सासूचं काम अंडी विकणाऱ्या म्हातारीने मागून घेतलं. ज्या बायका साधा फोटो काढायला उभ्या राहत नाहीत, त्या कॅमेऱ्यासमोर यायला निघाल्या, त्या फक्त आपाच्या शब्दावर. तिच्यापाशी भांडवल म्हणाल तर तेवढंच होतं.

जुनी मशीन मात्र आता कॅसेट खायला लागली होती आणि माणसं हिरवी दाखवायची. म्हणून २००८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघी यवतमाळच्या बाजारात बाबुलालजींच्या दुकानात गेलो. हे नवे-जुने दोन्ही कॅमेरे ठेवत. किमती ऐकून माझे डोळे पांढरे झाले. एवढ्यात आमच्या तांड्यावर बैलजोडी येते. आपा शांत होती. ती म्हणाली, "शटर खाली घ्या आन लाइट बंद करा."

बाबुलालजी बघतच राहिले. आपाने पर्समधून मेणबत्ती काढली, माझ्या तोंडापाशी धरली आणि एकेक कॅमेरा लावून पाहिला. आमच्याकडे तेव्हा बारा-बारा तास भारनियमन, सिनेमा कंदिलावरच काढायचा होता. एका कॅमेऱ्यात माझ्या तोंडावर मुंग्या चालल्यासारखं दिसलं, तो बाद. खांद्यावरचा मोठा रुबाबदार होता, लग्नात लोक त्यालाच मान देतात, पण आपाने उघडून पाहिलं तर आत यंत्र लहान कॅमेऱ्याचंच, वरचा डबा तेवढा थोराड. तोही बाद. मग तिने बाहेरचा माइक जोडायचं भोक आहे का ते पाहिलं. "चित्र खराब असलं तं लोकं सोसून घेतात मॅडम. बोलनं आयकू नाही आलं का उठून जातात."

शेवटी दोनच उरले, दोन्ही वापरलेले आणि आवाक्यातले. एक लहान टेपचा. दुसरा टेप नसलेला, सगळं आतल्याच डिस्कवर साठवणारा. हा वणीच्या एका शूटिंगवालीचा, बाबुलालजी म्हणाले. बाई धंदा सोडून लेकाकडे हैदराबादला गेली.

आपाचा हात टेपवाल्याकडे गेला. "टेप माह्या हातात राह्यते. याच्यात हातात काय राह्यते?"

इथे माझी खोड जागी झाली. "आपा, काय जुनं धरून बसता? याले टेपा इकत घ्या लागत नाही. बटन दाबलं का पुसलं. भिंत घ्यायचीही कटकट नाही."

"पक्कं पुसते?"

"पक्कं," मी म्हणाले. मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. आपाने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, शिकलेली बाई सांगते आहे म्हणून मान हलवली आणि जुनी मशीन बदल्यात देऊन तोच कॅमेरा घेतला.

पहिले चार दिवस शूटिंग झकास झालं. पाचव्या दिवशी बॅटरी किती उरली ते बघायला मी कॅमेरा हातात घेतला, कुठलं तरी बटन दाबलं, त्याने काहीतरी विचारलं आणि मी घाईत होय म्हटलं. चार दिवसांचं काम गेलं.  अठरा बायका माझ्याकडे बघत होत्या आणि अंडीवाली म्हातारी सासूच्या वेशात कमरेवर हात ठेवून उभी.

शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांना विचारलं. ते म्हणाले, पुसलेलं परत आणता येतं, आणि त्यासाठीचा प्रोग्राम असलेली एक सीडी दिली. त्यांना घरी बोलावायचा प्रश्नच नव्हता. माझ्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरवर, आपा शेजारी बसलेली असताना मी ते सुरू केलं. दीड तासाने आमची म्हातारी पडद्यावर आली. मी टाळ्या वाजवल्या. मग पुढचं उघडलं.

ते अंगण आमचं नव्हतं. पिवळ्या कपड्यातली एक पोरगी पाटावर बसलेली, भोवती दहा-पंधरा बायका उघड्या डोक्याने, हळद लावतायत, एकमेकींना तोंडाला फासतायत, ढोलक चाललाय. मागे जहेजची, लेकीला द्यायची भांडी मांडलेली. यातली एकही बाई आम्ही कधी पाहिली नव्हती.

आपा खुर्चीवरून उठली आणि जमिनीवर बसली. तिचा चेहरा इतका उतरला की मला भीती वाटली. 

"मॅडम, हे कोन्या घरच्या बाया हायेत?"

मी चित्र थांबवलं.

"थ्या शूटिंगवालीनं पुसलं, बाबुलालजीनं पुसलं, तरी हाये. म्हंजे आपलंही ऱ्हाईन. उद्या हा कॅमेरा इकला तं कोनीबी पाहीन." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी पक्कं म्हनलं होतं."

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी मुलांना फळ्यावर लिहून देते. माझ्या शहाणपणापायी त्या बाईचा वीस वर्षांचा शब्द पणाला लागला होता. लाजेने मला रडू फुटलं.

आपाने मात्र दुसऱ्याच दिवशी अठरा बायकांना बोलावून सगळं खरं सांगितलं. मला वाटलं आता फाडून खातील. काही उठून गेल्याही. कॅमेराभर भिंत घेते, मग त्या सीडीलाही भिंतीशिवाय काही सापडणार नाही, असं आपा म्हणाली. अंडीवाली म्हातारी ऐकून घेऊन म्हणाली, "आमचं मंग पाहू. आधी थ्या बायांचं थ्यायले देऊन ये. त्यायची अमानत हाये."

आपाने ती हळद चार वेळा पाहिली. भांड्यांवर चित्र थांबवलं. एका हंड्यावर नाव कोरलेलं होतं: अतिया वाहिद शेख, वणी. आम्ही ते सगळं एका सीडीवर उतरवलं, कॅमेऱ्यात पूर्ण भरेपर्यंत भिंत घेतली, आणि माझा कॉम्प्युटरचा डबा आपाने उचलून आपल्या कपाटात कुलपात ठेवला. 

वणीला एसटीने जाईपर्यंत दुपार झाली. कोळशाच्या ट्रकांनी रस्ता काळा झालेला. ट्रकवाले वाहिदभाई मशिदीमागच्या गल्लीत राहतात, असं दोघा-तिघांनी सांगितलं. दार अतियाच्या आईने उघडलं. आपाने सलाम केला, आणि घाबरत घाबरत सांगितलं, की तुमच्या मुलीच्या हळदीचं शूटिंग चुकून आमच्याकडे आलं आहे, ते परत द्यायला आलो.

बाई दाराची चौकट धरून उभी राहिली. "कोनत्या मुलीचं?"

"अतियाचं."

अतिया पहिल्याच बाळंतपणात गेली होती. निकाहाला अकरा महिने झाले होते, मूलही राहिलं नाही. लग्नाची सीडी सासरी होती आणि त्या लोकांनी ती परत दिली नव्हती. हे सगळं त्या बाईने दारातच सांगितलं. चार वेळा पाहिली होती मी ती पोरगी. ती जिवंत नसेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

तीन वाजता लाइट आली. आईने पडदे ओढून घेतले आणि सीडी लावली. ती टीव्हीच्या इतकी जवळ बसली की तिचं नाक काचेला लागत होतं. ती रडली नाही. एकेका बाईचं नाव घेत गेली, ही अमकी, ही तमकी. संपल्यावर तिने पुन्हा लावायला सांगितलं.

तेवढ्यात दाराच्या पडद्याबाहेरून आवाज आला. वाहिदभाई होते. कधी आले होते कोण जाणे.

"ताई, मले दिसन का थोडसं? तीन दिवस मी सैपाकाच्या देगीपाशी होतो, पाव्हन्यात होतो. तिले हळदीत मी पाह्यलंच नाही."

 मी आपाकडे पाहिलं, तिने जमिनीकडे. त्या अंगणात पंधरा बायका होत्या, कोणाच्या सुना, कोणाच्या लेकी, सगळ्या उघड्या डोक्याने. वीस वर्षांत एकदाही न मोडलेला शब्द होता, आणि दाराबाहेर बाप उभा होता. मला चीड आली. कोणाची ते सांगता येणार नाही. दाखव की, कोण बघायला येतंय, असं मी मनात ओरडत होते. आणि ती दाखवेल याचीही मला भीती वाटत होती.

"या भाईजान," आपा म्हणाली. "इथं बसा. समोर."

ती उठून टीव्हीच्या बाजूला गेली, ओढणी सोडून टीव्हीमागून घेतली, तिच्या दोन्ही टोकांच्या घड्या केल्या, एक मला दिली. सीडी सुरू झाली. डावीकडून एक बाई आली की आपाची घडी तिच्या तोंडावर. उजवीकडून आली की मला खूण. कोण कधी येते, कुठे वाकते, कधी फिरते, चार वेळा बघून तिला सगळं पाठ झालं होतं. बायका नाचत सरकल्या तसे आमचे हात काचेवरून सरकत गेले. मधे एवढीशी जागा मोकळी राहिली, आणि त्यात पिवळ्या कपड्यातली अतिया. एकोणीस मिनिटं. माझे खांदे भरून आले, पण एकीचाही चेहरा उघडा पडला नाही. वाहिदभाई मांडीवर हात ठेवून बसले होते.

शेवटी शेवटी अतिया मान वर करून कुणाला तरी काहीतरी म्हणते. ते वाक्य आम्ही घरी चारही वेळा ऐकलं होतं आणि त्याकडे लक्षही दिलं नव्हतं.

"अब्बू ने खाना खाया क्या? कोई पूछो तो उनको."

"खाया, बेटा," वाहिदभाई म्हणाले. "खाया मैंने."