आत्याचा दवाखाना

अशा सदरात लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगतो की त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता. खरं सांगायचं तर भुताखेतांवर आजही नाही. आणि मी जे सांगणार आहे त्यात भूत नाहीच. भर दुपार होती, आजूबाजूला शेकडो माणसं होती, आणि सगळीकडे लख्ख उजेड होता. तरी गेले कित्येक महिने मी ते डोक्यातून काढू शकलेलो नाही... म्हणून लिहितोय.

मी अमरावतीला राहतो, पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवतो. मला विमानं बघायचा नाद आहे. नुसती हौस नाही, नादच. गावाबाहेर बेलोऱ्याच्या विमानतळावर प्रवासी विमान सुरू झालं तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल घेऊन तिकडच्या रस्त्यावर उभा राहतो. जवळ एक वही असते. विमान कोणतं, शेपटीजवळचा नंबर काय, किती वाजता उतरलं, सगळं लिहितो. बायको म्हणते, "एकच विमान येते, तेच दरवेळी काय लिहून राहिले?" तिला मी अजून समजावू शकलेलो नाही.

माझी सुमनआत्या अकोल्याला असते, गोरक्षण रोडला. वय अडुसष्ट. पस्तीस वर्षं सरकारी नर्स होती, निम्मी नोकरी खेड्यापाड्यातल्या आरोग्य केंद्रांत झाली. बोलायला एकदम फटकळ. नवरा लवकर गेला, एकुलती एक मुलगी वर्षा, ती आता कोचीला असते. लग्नानंतर नऊ वर्षांनी वर्षाला दिवस गेले होते. डॉक्टरांनी सिझरची तारीख अचानक अलीकडे ओढली आणि आत्याला तातडीनं तिकडं पोचवायचं ठरलं. ती विमानात कधीच बसली नव्हती, म्हणून मी सोबत निघालो. नागपूरहून हैदराबाद, तिथं जवळजवळ पाच तास थांबायचं, मग संध्याकाळचं कोचीचं विमान. सिझर दुसऱ्या दिवशी सकाळी.

पाच तास थांबायचं म्हटल्यावर इतर लोक वैतागतात. मी मात्र मनातून खूश होतो. एवढ्या मोठ्या विमानतळावर दोन तासांत जितकी विमानं दिसतात तितकी बेलोऱ्याला वर्षात दिसत नाहीत. दुपारी सव्वाला उतरलो. वर्षाच्या सासूसाठी आणलेली वाळवणाच्या सांडयांची पिशवी आत्या कोणाच्याच हाती देईना, ती खांद्याला लावूनच तिनं इडली खाल्ली. मग मी म्हणालो, "आत्या, तू इथं बस, मी जरा फेरी मारून येतो. कुठून चांगलं दिसते ते पाहतो."

"मी बी येतो. बसून बसून पाय आखडले." आत्या उठलीच. आमच्या वऱ्हाडात बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात.

टर्मिनलच्या एका टोकाकडे जाणारा लांब रस्ता धरला. दुकानं मागं पडली, माणसं कमी झाली. खाली चकचकीत फरशी, बाजूला लोखंडी खुर्च्यांच्या रांगा. आत्या माझ्या पुढं दोन पावलं होती. ती थांबली. वर छताकडे पाहिलं, खाली फरशीकडे पाहिलं.

"अवी, हा माह्यावाला दवाखाना हाये."

मी हसलो. मला वाटलं, फरशी बघून नोकरीची आठवण झाली असेल. पण ती हसत नव्हती.

तिथं उभ्या उभ्या तिनं मला जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. वर्षा चौथीत होती तेव्हापासून तिला एक स्वप्न पडतं. म्हणजे पंचवीसेक वर्षं. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. एक मोठ्ठा दवाखाना असतो. लोक पिशव्या घेऊन बसलेले असतात, पण पेशंट एकही नसतो. ती घाईनं चाललेली असते.

"आता पुढं उतार लागते," ती म्हणाली. "मंग डाव्या अंगाले तीन दरवाजे. मधल्यावर पिवळा पट्टा. त्याच्या पुढं पाण्याचा माठ. मंग मोठी काच, एक जाड खांब, अन् खुर्च्या. एका खुर्चीची गादी वेगळ्या रंगाची हाये."

"आणि मग?"

"मंग एक बाई उभी असते. तोंड उघडं. पण आवाज नाही येत. सपनात कशाचाच आवाज नाही येत. अन् मले समजते का उशीर झाला."

"कशाला उशीर?"

"तेच तं समजत नाही ना बापा. तेवढ्यात जाग येते."

मी शिक्षक माणूस. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा पडताळून पाहावं. वही काढली, तिनं सांगितलेलं सगळं त्याच क्रमानं लिहिलं, वर वेळ टाकली — दुपारचे दोन चाळीस. त्या पानावर त्याच्या वर एका मालवाहू विमानाची नोंद आहे, खाली दुसऱ्या विमानाची. म्हणजे नंतर कुठून तरी घुसडलं असं कोणाला म्हणता येणार नाही. मला स्वतःलाही नाही.

आणि आम्ही चालू लागलो.

उतार लागला. डावीकडे तीन दरवाजे होते, कर्मचाऱ्यांसाठीचे, बंद. मधल्यावर पिवळा पट्टा. माठ नव्हता... पाण्याचा कूलरही नव्हता, तिथं एक कुंडी होती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण जे जुळलं नाही तेही सांगायला हवं. पुढं काच, काचेला अर्धवट झाकणारा खांब, आणि पाठीला पाठ लावून खुर्च्यांच्या दोन रांगा. काचेकडच्या रांगेत एका खुर्चीवर मातकट गादी, बाकी सगळ्यांवर काळी.

आत्यानं गादीवर हात फिरवला, पिशवी मांडीवर घेतली आणि त्याच खुर्चीवर बसली. बाई कोणीच उभी नव्हती. पूर्ण रांग रिकामी होती.

मी वहीतल्या यादीवर एकेक खूण केली, माठावर फुली. पण माणूस लगेच कारणं शोधतो. सगळी विमानतळं सारखीच असतात. वर्षानं कधीतरी व्हिडिओ पाठवला असेल. टीव्हीवर पाहिलं असेल. शिवाय समोर धावपट्टीचं असं दृश्य होतं की मी दहा मिनिटांत सगळं विसरलो. एकामागून एक विमानं येत होती. एक दोन मजली मोठं विमान दिसेल अशी आशा होती, ते काही आलं नाही, पण बाकीच्यांनी वहीची चार पानं भरली. आत्याला मी पंखावरच्या झडपा दाखवल्या, उतरताना त्या कशा उघडतात ते सांगितलं. ती "हव, हव" म्हणत होती. तिचं लक्ष नव्हतं. विमानाकडे बघायची आणि मध्येच मागं वळून रस्त्याकडे.

पाच वाजून गेले. आमचं गेट पार दुसऱ्या टोकाला होतं. मी म्हणालो, "चल आत्या."

"थांब जराशीक."

पाच मिनिटांनी पुन्हा म्हणालो. ती उठेना.

"तू जा पुढं. मी येतो."

"अगं तू एकटी कशी येशील? इथं हरवलीस तर मी कुठं शोधू? चल, बोर्डिंग सुरू झालं असेल."

"अवी, पंचवीस वर्षं मी इथी उशिरा येऊन राहिलो. आज वेळेवर आलो. मले बसू दे."

आता मात्र मी चिडलो. "आत्या, उद्या सकाळी वर्षाचं सिझर आहे! तू काय खुर्चीवर बसायला आली का?"

तेवढ्यात वर्षाचाच फोन आला. आत्यानं उचलला. स्पीकर लावायची तिला सवय आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आई, बसली का विमानात?"

"वर्षा... तो दवाखाना सापडला."

मग वर्षा म्हणाली, "आई, तू येऊन राहिली का नाही? मले एवढंच सांग." आणि रडायला लागली. नऊ वर्षं वाट पाहिलेली मुलगी ती, उद्या ऑपरेशन, आणि आई हे असलं काहीतरी बोलतेय.

मी फोन घेतला, "येतोय आम्ही, काळजी करू नको" म्हणून बंद केला. पिशवी उचलली, आत्याचं कोपर धरलं आणि तिला उभं केलं. हो, जवळजवळ ओढलंच. ती माझ्यासोबत चालू लागली. एक, दोन, तीन, चार पावलं.

आमच्या मागच्या रांगेत मघाशी कधीतरी एक तरुण बाई येऊन बसली होती. अंगावर पंजाबी ड्रेस, हिरवी ओढणी. मान वाकडी करून खांद्याला फोन लावलेला, मांडीवर दहा-अकरा महिन्यांचं लेकरू, तिच्याकडे पाठ करून बसवलेलं. एका हातानं ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिच्या शेजारून पुढं आल्यावर आत्या थांबली. मागं वळली. मी म्हणालो, "आत्या, आता काय..." आणि तिनं कोपर सोडवून घेतलं.

मला काही दिसलं नव्हतं. कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच. लेकरू रडत नव्हतं, खोकत नव्हतं. नुसतं तोंड उघडून बसलं होतं, आणि त्याचे ओठ जांभळे पडत होते.

आत्यानं ते त्या बाईच्या मांडीवरून अक्षरशः उचकटलं. बाई ताडकन उठली. फोन खाली पडला. लेकराचा चेहरा तिनं तेव्हा पाहिला असावा, कारण ती ओरडायला गेली आणि तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही. ती तशीच उभी राहिली. तोंड उघडं. मी तिच्याकडेच पाहत राहिलो.

आत्यानं मात्र तिच्याकडे पाहिलंही नाही. लेकराला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, जबडा बोटांत धरलेला, आणि तळव्यानं पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध धपके दिले. एक... दोन... तीन... मला वाटलं मोडेल ते. चौथ्याला सफरचंदाची एक जाड फोड फरशीवर पडली. सेकंदभर काही नाही. मग लेकरानं जो टाहो फोडला, त्यानं आख्खं टोक दणाणलं.

लोक धावले, कोणीतरी मदतीला माणसं बोलावली, एक डॉक्टर आली, तिनं लेकराला तपासलं, ठीक आहे म्हणाली. ती बाई तेलुगू बोलत होती, आम्हाला अक्षर कळत नव्हतं. तिनं आत्याचे पाय धरले. आत्या तिला म्हणाली, "दात नाही आले लेकराले, अन् फोडी काहून देता? किसून द्यावं." ती बाई रडत रडत मान हलवत होती, जसं काही सगळं समजलं. आम्ही तिचं नावही विचारलं नाही.

गेटवर पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाची तिकिटं काढली. रात्र तिथंच खुर्च्यांवर. आत्या पिशवी उशाला घेऊन अशी झोपली की मला सकाळी हलवून उठवावं लागलं.

वर्षाला मुलगी झाली. आम्ही दवाखान्यात, म्हणजे खऱ्या दवाखान्यात, पोचलो तेव्हा ती दोन तासांची होती. वर्षानं आईकडे बघून मान फिरवली. "दुसऱ्याच्या लेकराच्या वेळी होती, माह्या वेळी नव्हती," एवढंच म्हणाली. आत्यानं नात मांडीवर घेतली आणि तिची दुपटी सारखी करत बसली.

तिसऱ्या दिवशी आत्या अंघोळीला गेली असताना वर्षानं मला जवळ बोलावलं. हळूच विचारलं, "दादा, त्या बाईची ओढणी हिरवी होती का?"

मी तिला ओढणीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. आत्यानंही नाही, असं ती म्हणाली.

"लहानपणी आई झोपेतून उठून बसायची ना, तेव्हा मी विचारायचो — कोण होतं? तर म्हणायची, हिरव्या ओढणीवाली." मग म्हणाली, "हे टर्मिनल तेव्हा बांधलं बी नसन ना रे?"

नव्हतं. मी तपासलंय. वर्षाकडून व्हिडिओ गेला असेल ही माझी शंकाही मी तिला विचारून घेतली. ती त्या विमानतळावर कधी उतरलेलीच नाही.

योगायोग म्हणावं तर वहीतलं पान आडवं येतं. आत्याला सिद्धी वगैरे आहे म्हणावं तर ती स्वतःच हसते. तिला गॅसवर ठेवलेलं दूध लक्षात राहत नाही. ते स्वप्न मात्र त्यानंतर पडलेलं नाही.

एक गोष्ट मला बरेच दिवस खात होती. मागच्या महिन्यात अकोल्याला गेलो तेव्हा आत्या अंबाडीची भाजी निवडत बसली होती, तिला बोलूनच टाकलं. "आत्या, मी तुला ओढून नेत होतो गं. तू माझं ऐकून तशीच पुढं आली असतीस तर?"

तिनं भाजीतून मान वर केली नाही.

"तू ओढलं नसतं तं मी काचेकडं तोंड करून तुह्ये विमानं पाहत बसलो असतो. ते लेकरू माह्या पाठीमागं होतं, अवी. उठलो म्हणून वळलो."

मग ती देठं गोळा करून उठली आणि चहा टाकायला आत गेली. मी तिथंच बसून राहिलो.