मंगळवारचं पाकीट

श्यामलाला हिशेब जमत नाही, हे मी सव्वीस वर्षं सांगत आलेय. इंग्लंडात लेस्टरला आले तेव्हा तिच्याच घरात, वरच्या खोलीत, मी भाड्याने राहत होते. पहिल्याच महिन्यात तिने माझ्याकडून भाडं घेतलं आणि त्याच पैशांचं कापड आणून मला ड्रेस शिवून दिला.

तिचे यजमान अजयराव तेव्हा शहराची बस चालवायचे. बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानात एक जुनं शिलाई मशीन विकायला होतं. या गृहस्थांनी ते शेवटच्या फेरीला सामानाच्या जागेत ठेवून आणलं आणि घराच्या कोपऱ्यावर बस उभी करून दोन प्रवाशांच्या मदतीने उतरवलं. कुणी तक्रार केली नाही. मग दर रविवारी ब्लाउजची मापं द्यायला बायका, जिन्यावर चपलांचा ढीग, पोह्यांचा वास आणि अजयरावांचं गडगडाटी हसणं. ते रविवार मला फार आठवतात. आता माझं स्वतःचं मोठं घर आहे, आणि रविवारी तिथे कुणी येत नाही.

तीन वर्षांपूर्वी अजयरावांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली. श्यामलाने दुकानातली नोकरी सोडली. घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्याला सरकार आठवड्याला त्र्याऐंशी पौंड देतं, ते ती घेऊ लागली आणि घरी नऊवारी शिवू लागली. अट एकच: स्वतःची कमाई, खर्च वजा जाता, आठवड्याला एकशे शहाण्णव पौंडांच्या आत हवी. एका पौंडाने जरी वर गेली तरी भत्ता थोडाफार कमी होत नाही, सगळाच जातो. हा नियम करणाऱ्याने आयुष्यात कुणाला आंघोळ घातली नसावी.

मागच्या महिन्यात पत्र आलं. तुमची कमाई जास्त दिसते, महिन्याभरात खुलासा करा, नाहीतर भत्ता बंद आणि वर्षभराचे चार हजार तीनशे पौंड परत. माझा जन्म लोकांचे पगार काढण्यात गेला, म्हणून बाईंनी मला बोलावलं. बघते तर पत्रासोबतच्या फॉर्मवर कमाई पैन् पै लिहिलेली आणि खर्चाच्या रकान्यात शून्य. का, तर म्हणे घरात बसून शिवते, त्याला कसला आलाय खर्च. मी कपाळाला हात लावला.

नशिबाने पावत्या तिने टाकल्या नव्हत्या. दोरा, अस्तर, बसभाडं. प्रत्येक पावतीला एक नवरी, आणि प्रत्येक नवरीची आई कशी होती हेही ऐकावं लागत होतं. मी चिडत होते आणि ऐकतही होते. चहाचे तीन कप झाले तेव्हा आठवड्याच्या कमाईचा आकडा दोनशे नऊवर आला. अजून तेरा पौंड जास्त.

मग मला मंगळवार आठवला. मंगळवारी ती फिटिंगला बाहेर जाते आणि अजयरावांपाशी अवधूत बसतो. अवधूत त्यांचा डेपोतला जुना सोबती, बायको जाऊन एकटा पडलेला. दोघे रमी खेळतात. अजयरावांना एका हाताने पानं लावता येत नाहीत, म्हणून अवधूत दोघांचीही लावतो आणि तरी हरतो. त्याला काही देतेस का, असं मी विचारलं. श्यामलाने मला स्वयंपाकघरात ओढून दार लावलं.

फुकटचे उपकार तिला सोसवेनात. दोन तासांचे वीस पौंड ती दर मंगळवारी पाकिटात घालून अवधूतच्या कोटाच्या खिशात सरकवायची.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. नात्यातला नसलेला माणूस पैसे देऊन बसवला, तर तो खर्च वजा होतो. एकशे एकोणनव्वद. सुटलीस, म्हटलं, फक्त त्याचं नाव आणि तास लिहायचे.

श्यामला मात्र तयार होईना. घरात येणारा आणि जाणारा प्रत्येक कागद अजयराव वाचतात.

"ह्यांना वाटतं अवधूत मैत्रीखातर येतो," ती म्हणाली. "तेवढंच उरलंय त्यांच्याकडे. अलाउन्स जाऊ दे, मृणाल."

मग खाणार काय, असं मी विचारलं. आणखी शिवेन, म्हणाली. कधी, झोपेत? माझा आवाज चढला. तो नेहमीच चढतो, आणि त्या घरातली दारं पातळ आहेत.

बाहेरून अजयरावांनी हाक मारली. गेलो तर फॉर्म त्यांच्या पुढ्यात आणि डाव्या हातात पेन. हल्ली ते एकेक शब्द जोडून बोलतात.

"अवधूत पाकीट परत करत होता. मीच म्हटलं, घे. नाहीतर ही तुला यायला बंदी करेल."

श्यामला दाराला धरून उभी होती. त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मी नाव लिहिलं आणि किती तास, ते विचारलं.

"चार," श्यामला हळूच म्हणाली. "एकला येतो, मी पाचला परतते, तोवर बसतो."

अजयरावांनी मान हलवली.

"पैसे तीनपर्यंतचे. दोनच लिही. पुढचे दोन माझे आहेत."