ताईची जागा

माणूस गेलं की भेटायला येणारे आधी रडतात, मग चहा घेतात, आणि दुसऱ्या कपाला किस्से सुरू होतात. ताईला जाऊन महिना झाला नाही, पण आमच्या येरवड्याच्या विहारातले तिचे एवढे किस्से जमलेत की घरात हसू ऐकून शेजारी डोकावतात.

माझी ताई आधी माझा दादा होता. ताई झाल्यावर पहिल्यांदा पौर्णिमेच्या वंदनेला गेली, पांढरा पंजाबी ड्रेस घालून. विहारात एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. ही दारातच थांबली. माझं डोकं फिरलं. मी चटई ओढली आणि दोन्हींच्या मधोमध तिला घेऊन बसलो. ती वाट भंतेजींची, हे नंतर कळलं! भंतेजी आले, आमच्याकडे बघितलं आणि भिंतीकडेने वळसा घालून गेले. वंदना झाल्यावर एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी कुठल्या तरी एका बाजूला बसा. माझे गुडघे दुखतात."

कुठल्या बाजूला, हाच तर प्रश्न होता.

बाहेर महिला मंडळाच्या सुमनकाकूंनी ताईला गाठलं. "पुढच्या पौर्णिमेला पांढरी साडी. ड्रेस घातलेल्या बायका मला ओळीत चालत नाहीत."

ताई घरापर्यंत रडत आली. मला वाटलं, अपमान केला. मी तसाच भांडायला काकूंच्या दारात. त्यांनी माझ्या हातात खिरीचा डबा दिला आणि विचारलं, "तिच्याकडे साडीला लावायच्या पिना आहेत का?"

मी आठवीत शाळा सोडली, पण बाई आनंदानेही रडते हे त्या दिवशी शिकलो.

साडी नेसून ताई बायकांत बसली, तर खडकीहून येणाऱ्या एका काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, हे इकडे कसं काय? सुमनकाकू शांतपणे म्हणाल्या, "वंदनेत डोळे मिटायचे असतात. तुमचे उघडे कसे?"

काका पुढचे दोन महिने डोळे घट्ट मिटून बसायचे. एकदा घोरले.

खीरदानानंतर करपलेलं पातेलं ताईच्याच वाट्याला यायचं. तिने एकदा कुरकुर केली. काकू म्हणाल्या, "बाई व्हायचं होतं ना? घास."

ताई ते घरी सगळ्यांना सांगत सुटली, बक्षीस मिळाल्यासारखं.

मग ताई तापाने गेली.

दारात तिरडी बांधून झाली. खांदा द्यायला मी आणि गल्लीतली पोरं पुढे झालो, तर सुमनकाकू आडव्या आल्या. "सरका. महिला मंडळातली बाई गेली की तिला मंडळच उचलतं."

असा नियम येरवड्यात कुणी ऐकला नव्हता. मंडळातल्या बायकांनीही नाही. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग पदर खोचून चौघी पुढे आल्या. त्यात एक फारच बुटकी. तिरडी कलली. मी धरायला धावलो.

काकू मागे न बघता म्हणाल्या, "रोहित, तू पुरुषांत चाल."